कलम १४२ आणि आडवी बाटली

३१ डिसेंबरची रात्र म्हणजे महाराष्ट्रात दारूच्या धंद्याची दिवाळी. सरकार दरवर्षी सवलतीचा आदेश काढतं. परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत मुभा मिळते, वाईन शॉपांची वेळ वाढते. त्याच रात्री पुणे-नगर रस्त्यावर भीमेच्या पुलाच्या दोन्ही अंगांना मात्र दारूच्या दुकानांची शटरं खाली असतात. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, पेरणे फाट्याजवळच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो माणसं येणार असतात. १ जानेवारी २०१८ला इथे जो हिंसाचार घडला, त्यानंतर या दोन दिवसांचा बंदोबस्त हे जिल्हा प्रशासनाचं वर्षातलं एक मोठं काम होऊन बसलं आहे. रस्ता वळवणं, वाहनतळ, पाण्याचे टँकर, आरोग्य पथकं या सगळ्याबरोबर परिसरातल्या गावांत मद्यविक्री बंद ठेवण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेशही आता ठरून गेलेला.

हा आदेश निघतो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२खाली. सार्वजनिक शांततेसाठी गरज आहे असं जिल्हाधिकाऱ्यांचं मत झालं, की परवानाधारकाला लेखी हुकूम द्यायचा आणि त्यात लिहिलेल्या वेळेपुरतं दुकान बंद. दंगा होण्याची चिन्हं दिसत असतील तर जागेवरचा कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारीसुद्धा दुकान बंद करायला सांगू शकतो. अर्ज नको, सह्या नकोत, मतदान नको.

आणि हा आदेश पाळला जातो, ही त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. भीमा नदी इथे नुसती नदी नाही, ती हद्द आहे. जयस्तंभाच्या बाजूचं पेरणे हवेली तालुक्यात. त्याचं लोणीकंद पोलीस ठाणं २०२१मध्ये पुणे शहर आयुक्तालयाला जोडलं गेलं, त्यामुळे तिथे शहर पोलिसांचा अंमल. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा, शिरूर तालुका, शिक्रापूर पोलीस ठाणं, पुणे ग्रामीण. राज्य उत्पादन शुल्क खातं या दोघांहून वेगळं. एरवी एखाद्या गावाने अवैध दारूची तक्रार केली की हद्द कुणाची आणि काम कुणाचं, या प्रश्नातच कागद फिरत राहतो. या दोन दिवसांत मात्र सगळी खाती एका आदेशाखाली एकत्र उभी राहतात. मनात आलं की शटर खाली येतं, हे सरकारनेच इथे दर वर्षी सिद्ध करून दाखवलं आहे.

मग २ जानेवारीला देशीचं दुकान नेहमीप्रमाणे सकाळीच उघडतं. कोरेगाव भीमातली एखादी बाई त्या उघड्या शटरकडे बघून म्हणाली, की हे कायमचं बंद करायला काय लागतं, तर तिला जे उत्तर मिळतं ते या लेखाचा विषय आहे.

या पट्ट्यात दारूचा प्रश्न शेतीवरच्या गावांसारखा राहिलेला नाही. वाघोली सोडली की लोणीकंद, पेरणे, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव अशी कारखान्यांची आणि गोदामांची रांग लागते. एकीकडे वढू बुद्रुक आणि तुळापूर ही संभाजीराजांच्या स्मृतीची गावं, पुढे रांजणगावचा महागणपती, आणि मधल्या सगळ्या रस्त्यावर शिफ्ट सुटल्यावर ओसंडणारी माणसं. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेले कामगार आठ-दहा खोल्यांच्या चाळींत भाड्याने राहतात. शेतकऱ्यांनी वावरं विकली किंवा त्यांवर खोल्या बांधल्या. पगार महिन्याच्या ठरावीक तारखांना हातात येतो, आणि त्या संध्याकाळी महामार्गालगतच्या वाईन शॉपसमोर दुचाकींची रांग सर्व्हिस रस्त्यावर येते. कायद्याने प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पिण्याचा परवाना हवा. देशीला दोन रुपयांचा, विदेशीला पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना मिळतो, बीअर-वाईनसाठी वयाची अट एकवीस, कडक दारूसाठी पंचवीस. काउंटरच्या जाळीतून क्वार्टर बाहेर येताना हे कुणी विचारलेलं आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे?

ही परवान्याची गंमत वाटावी अशी तरतूद कुठून आली, ते थोडक्यात सांगायला हवं. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९चा. १९५०च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. पुढच्याच वर्षी बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराच भाग ग्राह्य धरला, औषधी आणि प्रसाधनांच्या द्रव्यांवरच्या बंदीसारख्या काही तरतुदी उडवल्या. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, १९७३मध्ये देशी दारूचे नियम आले. कायदा मात्र रद्द झाला नाही. नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, 'दारूबंदी' हा शब्द तसाच राहिला. म्हणून आजही आपल्याकडे दारू कागदोपत्री बंदच आहे आणि परवान्याने खुली आहे. पिणारा परवानाधारक, विकणारा परवानाधारक, बनवणारा परवानाधारक.

विकणाऱ्यांचे परवाने खात्यातली माणसं आणि धंद्यातली माणसं आद्याक्षरांनीच ओळखतात. सीएल-थ्री म्हणजे देशीचं दुकान, एफएल-टू म्हणजे वाईन शॉप, एफएल-थ्री म्हणजे परमिट रूम, एफएल-बीआर-टू म्हणजे बीअर शॉपी. यातल्या पहिल्या दोहोंचे नवे परवाने देणं सरकारने सत्तरच्या दशकातच थांबवलं. वाईन शॉपं राज्यभर सतराशेच्या आसपास, देशीची दुकानं चार हजारांच्या आसपास. लोकसंख्या वाढली, परवाने तेवढेच, म्हणून एकेका परवान्याला सोन्याचा भाव आला. परवाना कुणाच्या आजोबांच्या नावे, चालवणारा भागीदार तिसराच, आणि दुकान चौथ्याच गावात. नवा परवाना नसला तरी स्थलांतर आहेच. जिथे धंदा होत नाही तिथला परवाना उचलून जिथे पगार वाटले जातात तिथे न्यायचा. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांत एकही नवा परवाना न देता दुकानं वाढताना दिसतात, त्यामागे ही वाट आहे.

स्थानिक संस्थेने दारूच्या दुकानाबद्दल बोलायचं की नाही, हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नाही. १८७८च्या अबकारी कायद्याने गाळप आणि विक्री सरकारच्या मुठीत गेली, महसुलाची चटक लागली. १८८०मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढताहेत, त्यात कुटुंबं धुळीला मिळताहेत, तेव्हा नगरपालिकेने याला आळा घालण्यासाठी काहीतरी केलं पाहिजे, असं पत्र त्यांनी कार्यकारी समितीचे प्रमुख प्लंकेट यांना लिहिलं. लोकांच्या आरोग्यासाठी जी संस्था खर्च करते तिने या दुकानांकडे डोळेझाक करू नये, हे त्यांचं म्हणणं. दुकानाचा परवाना वरचं सरकार देणार, महसूल वरचं सरकार घेणार, आणि त्याचे परिणाम निस्तरायचे गावाने, ही तक्रार तेव्हाची. ती आज शिरूर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने जशीच्या तशी लिहून दिली तरी चालेल.

मधे एकदा असं वाटलं होतं की हा प्रश्न न्यायालयच सोडवील. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. १ एप्रिल २०१७पासून राज्यभर दुकानांना कुलपं लागली. महामार्ग हीच ज्यांची बाजारपेठ, अशा गावांना याचा अर्थ लगेच कळला. पण निकाल लागू होण्याच्या आदल्या दिवशीच वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं. जुलै २०१७मध्ये महापालिका-नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या. फेब्रुवारी २०१८मध्ये ग्रामपंचायतींच्या बाबतीत ठरवण्याचं राज्यांवर सोपवलं गेलं, आणि राज्याने लोकसंख्येसारखे निकष लावून वाट मोकळी केली. अपघात कमी व्हावेत म्हणून दिलेला निकाल शेवटी गाव किती 'विकसित' आहे या मोजमापावर येऊन थांबला. गाव जितकं वाढलेलं, रस्त्यावर जितकी वर्दळ, तितकी दुकानाला सवलत. मला हा उलटा न्याय वाटतो.

उरला तो बायकांचा रस्ता. २५ मार्च २००८च्या शासन आदेशाने तो आखून दिला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची. उत्पादन शुल्क खात्याने सह्या पडताळायच्या. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर गावातली परवान्याची दारूविक्री बंद.

ऐकायला किती सोपं. यातली एकेक पायरी जवळून पाहिली की पायाखालची जमीन सरकते.

सह्यांच्या पडताळणीचंच घ्या. अधिकारी मतदार यादी घेऊन ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या वर्गात बसतो. सही किंवा अंगठा दिलेल्या बाईने ओळखपत्र घेऊन समोर यायचं आणि ही सही माझीच म्हणून सांगायचं. मतदान गुप्त असलं तरी ही पायरी गुप्त नाही. बाहेर ओट्यावर कोण बसलंय हे तिला दिसतं, आणि ती आत गेली हे ओट्यावरच्यांना दिसतं. दुकानमालक बहुधा गावातलाच, पंचायतीत वजन असलेला, लग्नकार्याला मदत करणारा, कधी तिच्या नवऱ्याला उचल देणारा. यादीत नाव 'सुनीता' आणि ओळखपत्रावर 'सुनिता', सासरचं आडनाव एका ठिकाणी आणि माहेरचं दुसऱ्या, असल्या वेलांट्यांवर सह्या बाद होऊ शकतात. पंचवीस टक्क्यांसाठी चाळीस टक्के सह्या जमवाव्या लागतात, असं चळवळीतल्या बायका सांगतात ते यामुळेच.

आणि मग गणित. गावात तीन हजार महिला मतदार आहेत असं धरू. साडेसातशे सह्या जमल्या, पडताळणीत टिकल्या. मतदानाला सोळाशे बायका बाहेर पडल्या. त्यांतल्या चौदाशेंनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. म्हणजे आलेल्यांपैकी सत्त्याऐंशी टक्क्यांहून जास्त बायकांनी दुकान नको म्हटलं. निकाल काय? दुकान चालू. कारण हवी होती तीन हजारांच्या निम्म्याहून एक जास्त, म्हणजे पंधराशे एक मतं. जी बाई मेली आणि जिचं नाव यादीतून गेलं नाही, जी लेक लग्न होऊन सासरी गेली, जी कामाला पुण्यात राहते, जी त्या दिवशी आजारी होती, त्या सगळ्या न येता उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतात. आपल्याकडे सरपंच एका मताने निवडून येतो, आमदार तीस टक्क्यांवर येतो. एवढी कडक कसोटी फक्त दारूचं दुकान बंद करू पाहणाऱ्या बाईला.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. परमिट रूमच्या प्रस्तावाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडला जातो, आणि अनेक गावांत तो विषय ग्रामसभेपुढे येतो. ग्रामसभेची गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतली कमी असेल ती. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे दुकानाला हरकत नाही हे मूठभर माणसं ठरवू शकतात, हरकत आहे हे सांगायला मात्र निम्म्याहून अधिक स्त्रिया एका दिवशी रांगेत उभ्या राहायला हव्यात. या व्यवस्थेतला खरा अन्याय माझ्या मते इथे आहे. बायकांच्या धीराचा किंवा पुरुषांच्या व्यसनाचा प्रश्न नंतरचा.

तरीही गावांनी हे करून दाखवलं आहे, आणि त्यासाठी लांब जायला नको. कुकडी नदी शिरूर तालुक्याची शीव आहे. टाकळी हाजीकडून पलीकडे पाहिलं की पारनेर तालुक्यातलं निघोज, रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथल्या बायकांनी २०१६मध्ये मतदान घडवून आणलं आणि बाटली आडवी केली. त्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने सत्तरच्या दशकात अण्णा हजारेंच्या पुढाकाराने हातभट्ट्या बंद पाडल्या होत्या, पण ती गोष्ट वेगळी होती. एका माणसाच्या नैतिक वजनाखाली उभं राहिलेलं ते गाव. निघोजचं मोल मला निराळं वाटतं, कारण तिथे बायका कायद्याची एकेक पायरी चढत वर गेल्या. साताऱ्यातही वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी असाच लढा उभा केला.

कोरेगाव भीमा किंवा सणसवाडीसारख्या गावात मात्र निघोजचा कित्ता गिरवताना आणखी एक भिंत आडवी येते. ज्या बाईच्या नवऱ्याचा पगार रस्त्यावरच्या दुकानात जातो, ती बहुतेक वेळा इथली मतदार नसते. तिचं नाव बीड, लातूर, यवतमाळ किंवा दरभंग्याच्या यादीत. ती इथे राहते, इथल्या पाण्यासाठी भांडते, इथल्या शाळेत पोरं घालते, पण बाटलीच्या मतपत्रिकेवर तिला शिक्का नाही. उलट जी मूळ गावकरी घरं आहेत, त्यांच्यातल्या काहींचं उत्पन्न खोल्यांच्या भाड्यावर, टपऱ्यांवर, कधी त्या दुकानाच्या गाळ्यावर चालतं. नुकसान सोसणारी बाई आणि मतदार बाई यांची अशी ताटातूट २००८चा आदेश लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावी. त्यांच्यासमोर शेतीचं गाव होतं.

याच्याशी ताडून पाहण्यासारखं एक उदाहरण शहरातलं. मार्च २०२५मध्ये उत्पादन शुल्क खातं सांभाळणाऱ्या अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातल्या व्यापारी गाळ्यात बीअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचा ना हरकत दाखला लागेल. चांगला निर्णय. सोसायटीत फ्लॅट घेतलेल्याला खाली दुकान येण्याआधी विचारलं जाणार. चाळीत खोली घेतलेल्या बाईला आधीही नाही, नंतरही नाही.

आता हरकतीचा मुद्दा, आणि तो टाळण्यासारखा नाही. परवान्याचं दुकान बंद केलं तर हातभट्टीचं फावतं. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी, दौंड-शिरूरच्या उसाच्या आडोशाला, काळा गूळ आणि नवसागर घालून रसायन कुजवणं हा जुना उद्योग आहे. प्लास्टिकच्या फुग्यांतून आणि ट्यूबमधून ती दारू पोचते, आणि कधी ती विषारी निघते. २००४मध्ये विक्रोळी, २०१५मध्ये मालवणी, जिथे शंभराहून अधिक माणसं मेली. फेब्रुवारी २०१७मध्ये नगर जिल्ह्यात पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीतली दारू पिऊन माणसं दगावली, आणि ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात तयार होत होती, हे तपासात निघालं. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांच्या मोठ्या चळवळीनंतर एप्रिल २०१५मध्ये दारूबंदी आली आणि अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले असं कारण देत मे २०२१मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३पासून टिकून आहे. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारख्यांनी बंदीच्या जोडीला गावागावांत सतत काम ठेवलं. अवैध दारू तिथेही पकडली जातेच, पण तिथल्या आदिवासी गावांनी बंदी उठवू दिलेली नाही.

मी जिल्हाभर बंदीची मागणी करत नाही. पण हातभट्टीचं भय दाखवून परवान्याचं दुकान अबाधित ठेवणं, यात मला खोट दिसते. हातभट्टी रोखणं हे ज्या खात्याचं काम, तेच खातं परवान्यांच्या महसुलाचं लक्ष्य गाठतं. तो महसूल वर्षाला वीस हजार कोटींच्या पुढे गेला आहे. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीवरचंही वाढवलं, धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार आणला, आणि त्यातून चौदा हजार कोटींची भर पडेल असं सांगितलं. त्यानंतर काही आठवड्यांतच ३२८ नव्या वाईन शॉप परवान्यांची चर्चा उठली आणि गदारोळ झाला. तिजोरीला इतकी गरज असताना गावाच्या 'नको'ला किती वजन राहील? त्यात मळीपासून मद्यार्क काढणारे साखर कारखाने, त्यांवर अवलंबून ऊसकरी, असा हा धागा याच तालुक्यांच्या शेतापर्यंत येतो. गावातल्या दारूच्या विरोधात बोलणारा माणूस उसाच्या दराबद्दलही बोलत असतो, आणि दोन्ही ठिकाणी तो खराच असतो.

आणि दुकान बंद झालंच, तरी परवाना मरत नाही. मतदानाने बंद झालेल्या दुकानाचा परवाना रद्द होण्याऐवजी दुसऱ्या गावी जागा शोधू लागतो. निघोजने ढकललं तर कुठेतरी शेजारी उभं राहायचं. एका गावच्या बायकांचा विजय हा दुसऱ्या गावच्या बायकांचा नवा त्रास होतो, आणि त्या दुसऱ्या गावाला पुन्हा पहिल्यापासून पंचवीस टक्के सह्या जमवायच्या असतात. हे बदलायला कायदेमंडळ लागत नाही. आडव्या बाटलीने बंद झालेला परवाना गोठवावा, निकाल प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर ठरवावा, आणि स्थलांतराचा प्रस्ताव आला की नव्या गावातल्या महिलांच्या सभेत तो आधी मांडावा, एवढ्या तीन दुरुस्त्या आदेशाने होऊ शकतात. २००८चा नियमही आदेशानेच आला होता. चाळीतल्या बाईचं काय, याला एवढं उत्तर पुरत नाही. तिचं नाव ती राहते तिथल्या यादीत आणण्याची मोहीम कंपन्या, ठेकेदार आणि ग्रामपंचायत यांनी मिळून घ्यायला हवी, आणि ती दारूपलीकडच्याही अनेक कारणांसाठी घ्यायला हवी.

यातलं एक काम मात्र आजच्या कायद्यातही बसतं. प्रत्येक ग्रामसभेआधी महिला मतदारांची सभा घेणं ग्रामपंचायत अधिनियमाने बंधनकारक केलं आहे. ती अनेक गावांत फक्त रजिस्टरात होते. कोरेगाव भीमाच्या पट्ट्यात १ जानेवारीचा बंदोबस्त उठला की पंचवीस दिवसांनी २६ जानेवारीची ग्रामसभा येते. तिच्या आधीच्या महिला सभेत एवढंच मागावं: गावाच्या हद्दीत कोणत्या प्रकारचे किती परवाने आहेत, त्यांतले कुठून स्थलांतर होऊन आले, कोणत्या तारखेला ग्रामपंचायतीने ना हरकत दिली, त्या सभेला किती माणसं हजर होती, आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीला दुकानं बंद असताना गावात भांडणाच्या आणि मारहाणीच्या किती तक्रारी आल्या. ग्रामसेवकाने आणि पोलीस ठाण्याने ही माहिती लेखी द्यावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. सह्यांचे अर्ज त्यानंतर छापायला द्यावेत.